आवाज बंद ठेवलेला खेळ

राजा पुन्हा बोलायला उभा राहिला आणि मी बटण दाबलं. राजा गप्प बसला नाही. तोंडातलं वाक्य टाकून त्याने पुढचं घेतलं. मी पुन्हा दाबलं. त्याच्या दोन्ही बाजूंना भालदार उभे होते, छतातून येणारी उन्हाची तिरीप नेमकी मुकुटावर पडेल अशी सोय केलेली होती, आणि तो मला सांगत होता की राज्यावर अंधाराचं सावट आलं आहे. हे त्याने गेल्या शुक्रवारीही सांगितलं होतं. त्याच्या प्रधानाने सांगितलं होतं. वेशीवरच्या लोहारानेसुद्धा, माझी तलवार ठोकता ठोकता, हेच सांगितलं होतं.

“दाबू नको ना रे,” नरेश म्हणाला. “वाचू दे.”

“काय वाचायचंय? अंधार आलाय, उजेड आणा. संपलं.”

“उजेड कुठून आणायचा ते सांगेल ना तो.”

“तो सांगणार, डोंगरावरच्या म्हाताऱ्याला भेट. म्हातारा सांगणार, आधी माझी शेळी शोध. शेळी सापडली की म्हणणार, आता हिला पाला आण. पाला आणला की म्हणणार, शाबास, तू खरा वीर आहेस. मी वीर नाही, नरेश. मी त्यांचा शिपाई आहे.”

“तू पैल्यापासून असाच तापट. घाटावरची माणसं तुमी.”

नरेश माझा शाळेपासूनचा मित्र. मूळचा माकुणसारचा, पण त्याचे बाबा कारखान्यात लागले आणि कुटुंब बोईसरजवळ सालवडला आलं, ते इथलंच झालं. आम्ही साताऱ्याकडचे, माझ्या वडिलांनाही नोकरीनेच इकडे आणलं. आज नरेशच्या घरात आम्ही दोघं एका खोक्यावर लॅपटॉप ठेवून दुसऱ्या दोन खोक्यांवर बसलो होतो. भिंतीवरची देवांची चित्रं उतरली होती आणि त्यांच्या जागी चौकोनी, उजळ डाग राहिले होते. नरेशच्या कंपनीने आपली यंत्रं गुजरातेत दहेजला हलवली, म्हणून यंत्रांमागोमाग नरेशही निघाला होता. टेम्पो उद्या सकाळी येणार होता.

आणि जाण्याआधी त्याला हा खेळ संपवायचा होता. शाळेत असताना आम्ही दोघांनी हाच खेळ खेळला होता आणि त्याचा शेवट बघायचा राहिला होता. आता तो नव्या रूपात आला होता: नवी चित्रं, नवे आवाज, प्रत्येक झाडाचं प्रत्येक पान वेगळं हलणारं. नरेशने तो विकत घेतला आणि मला फोन केला. “एकट्याने नाय बघायचा शेवट,” एवढंच म्हणाला. तेव्हापासून दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पालघरहून येत होतो आणि त्या राजाचं भाषण ऐकत होतो.

भाषणं मला नवीन नाहीत. ती माझी रोजीरोटी आहे. पालघर जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून तिथे उद्घाटनांना तोटा नाही, आणि मी ज्या कार्यालयात काम करतो तिथे साहेबांची भाषणं लिहून द्यायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे राजाने तोंड उघडलं की मला पुढची ओळ आधीच कळते. ‘आजच्या या कठीण प्रसंगी’ आलं की मागून ‘खांद्याला खांदा लावून’ येणारच. हे लांबलचक खेळ करणाऱ्यांनी बहुधा माझ्यासारखाच कुणीतरी पगारी ठेवलेला असावा. या खेळांत आपण एक माणूस निवडतो, योद्धा म्हणा, मांत्रिक म्हणा, आणि मग महिनेच्या महिने त्याच्या अंगाने जगतो. लहानपणी मला यात चैन वाटायची. आता वाटतं, एक आयुष्य उरकताना नाकी नऊ आलेत, त्यात या दुसऱ्याचीही शेळी मीच शोधायची?

पण लहानपणी मला राग येत नव्हता, हे मला आठवतं. तासन्‌तास मी त्याच राजापुढे बसत होतो. मग तो धीर गेला कुठे?

नरेशच्या घरातला पहिला संगणक कंपनीने भंगारात काढलेला होता. नरेशचे बाबा, म्हणजे आमचे काका, तो सायकलच्या कॅरिअरवर बांधून घेऊन आले. दुसऱ्या खेपेला त्याच कचेरीतली एक फिरती खुर्ची आणली. तिचं एक चाक नव्हतं आणि फाटलेल्या रेक्झिनमधून पिवळा स्पंज बाहेर डोकावत होता. बसलेला माणूस हळूहळू एका बाजूला कलायचा. त्या घरात ती पहिली खुर्ची. संगणक शिलाईमशीनच्या टेबलावर ठेवला. तो सुरू केला की आतला पंखा घरघरायला लागे आणि मागच्या जाळीतून तापलेल्या धुळीचा वास येई. त्या धुळीत कारखाना होता. आमच्याकडे सगळ्याच धुळीत तो असायचा. वारा समुद्रावरून आला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि वारा पडला की नाकात काहीतरी आंबट, चुरचुरणारं भरायचं. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्ही नाक वर करून सांगायचो, आज वारा नाही.

खेळाची सीडी बोईसर स्टेशनबाहेरच्या गाडीवरून आणलेली. सुरू करायच्या आधी ती काकांच्या जुन्या बनियनने पुसायची, तीही आतून बाहेर, गोल नाही. गोल पुसली की खेळ मध्येच अडकतो असं नरेशचं ठाम मत होतं. खेळ एकट्याने खेळायचा होता, पण एकट्याने खेळण्याइतकं एकटं तिथे कोण होतं! म्हणून आम्ही वाटणी केली. बाणाची बटणं नरेशची, माऊस माझा. तो चालायचा, मी मारायचो. त्या योद्ध्याचे पाय माकुणसारचे आणि हात साताऱ्याचे. भांडण झालं की पाय एकीकडे जायचे आणि तलवार दुसरीकडे फिरायची.

आणि आवाज बंद. काका तिसऱ्या पाळीवरून यायचे आणि त्याच खोलीत फुलाफुलांच्या पडद्यामागे झोपायचे. पडद्याच्या या बाजूला आम्ही, त्या बाजूला काकांचं घोरणं. त्यामुळे आमच्या लढाया मुक्याने व्हायच्या. राक्षस तोंड वासून पडायचे आणि त्यांच्या मरण्याचा आवाज काका काढायचे.

उरला प्रश्न गोष्टीचा. संगणकाच्या पडद्यावर खाली इंग्रजीत ओळी यायच्या आणि आम्ही मराठी शाळेतले, पाचवीतले. त्या इंग्रजीत काही अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं होती. आम्हाला वाटलं, अनुस्वार असतील. मोठ्यांच्या इंग्रजीत असतील. मग आम्ही हेमाताईला बोलावलं.

हेमाताई नरेशची मोठी बहीण. नववीत होती. शाळेच्या ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश घेऊन ती आली, आणि आम्ही मान म्हणून तिला फिरत्या खुर्चीत बसवलं. आम्ही खाली, ओल्या फरशीवर पोतं टाकून. ती पुढे वाकून ओळी वाचायची, शब्दकोशाची पानं चाळायची आणि मग कुजबुजत्या आवाजात सांगायला लागायची. राजाचा आवाज वेगळा, चेटकिणीचा वेगळा, आणि तरी सगळे कुजबुजणारे, कारण पडद्यामागे काका. स्वयंपाकघरातून काकी दबक्या आवाजात ओरडायची, “हेमा, तांदूळ कोण निवडणार?” आम्ही दोघं एकदम म्हणायचो, “काकी, ती इंग्रजी वाचतेय!” इंग्रजी म्हटलं की काकी गप्प. मग तांदूळ काकीच निवडायची.

ताईने सांगितलेली गोष्ट मला अजून सगळी येते. त्या राज्यात एक नियम होता: राजा बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही. आणि राजाला तर उभं राहून बोलायची भारी हौस. तो बसायला टेकला की त्याला काहीतरी आठवायचं आणि तो पुन्हा उठायचा. त्यामुळे आख्खं राज्य उभं. शेतकरी उभे, सैनिक उभे, बाळंतिणीसुद्धा उभ्या. राजवाड्याच्या दरवाज्यात राखी कपड्यांतली एक बाई उभी असायची. खेळात ती खरोखर होती, बोटभर उंचीची. ताई म्हणायची, ही राजाच्या आज्याच्या वेळेपासून इथे उभी आहे. हिला सगळे रस्ते ठाऊक आहेत. येणारा-जाणारा हिलाच वाट विचारतो आणि पुढे जातो. बस म्हणून कुणी सांगत नाही.

म्हणजे आमची मोहीम ठरली. राजाला खाली बसवायचं. त्यासाठी आम्ही गुहा पालथ्या घातल्या, ड्रॅगन मारला, नदीपलीकडच्या जादूगाराकडून पेटी आणली. पेटीत काय आहे असं विचारलं तेव्हा ताई म्हणाली, “झोप.” शेळी आम्ही तेव्हाही शोधली होती, पण ती त्या बाईची शेळी होती. तिला दरवाजा सोडून जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही गेलो. पाला आणताना मला एकदाही कंटाळा आला नाही.

शेवट जवळ आला होता. ताई म्हणत होती, आता थोडंच राहिलं. मग एका शुक्रवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज परत आली ती धक्का देऊनच. संगणकातून पांढरा धूर निघाला, जळलेल्या रबरासारखा वास घरभर भरला आणि काका पडदा बाजूला करून बघायला लागले. कुणी कुणाला रागावलं नाही. पुढच्या वर्षी दहावी झाल्यावर ताई एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. खुर्चीत मग काका बसून चहा प्यायचे.

तर आता हा नवा खेळ. पहिल्याच शुक्रवारी आम्ही सगळं सोडून राजवाड्याच्या दरवाज्यात गेलो. ती होती. आता बोटभर नव्हती, चांगली माणसाएवढी वाटावी अशी. राखी कपड्यांचा धागा न्‌ धागा दिसत होता. मी तिच्यासमोर उभा राहून बटण दाबलं. ती गोड हसली आणि इंग्रजीत म्हणाली, या वाटसरू, आज हवा किती छान आहे.

“पुढे?” नरेश म्हणाला.

मी पुन्हा दाबलं. या वाटसरू, आज हवा किती छान आहे.

“परत विचार.”

हवा छान आहे. गुहा संपवून आलो, हवा छान. ड्रॅगन मारून आलो, अंगावरचं रक्त सुकलं नव्हतं, हवा छान. शेळी म्हाताऱ्याची निघाली. पेटीत तलवार निघाली. तीही जुनीपेक्षा थोडी धारदार, एवढंच. राजाच्या भाषणांत कुणी बसण्या-उठण्याबद्दल अवाक्षर काढेना. आता मला इंग्रजी वाचता येत होतं आणि वाचावं असं त्यात काही नव्हतं. आज तर मी इतका संतापलो की खोक्यावर मूठ आपटली आणि आतली काचेची काहीतरी वस्तू किणकिणली.

“माझ्या कपबश्यांनी काय केलंय तुझं?” नरेश म्हणाला.

“एवढा खर्च करून झाडाची पानं हलवली यांनी, आणि बाईला एक वाक्य देता आलं नाही?”

“नव्यात बदललं असंल. जुन्यात होतं.”

जुन्यात होतं, हे आम्ही दोघं इतके शुक्रवार धरून चाललो होतो. आज सकाळी सामान बांधताना नरेशला माळ्यावर ती जुनी सीडी सापडली होती. राजाचं भाषण तसंच थांबवून त्याने ती मला दाखवली. वेष्टण म्हणजे झेरॉक्स काढलेला कागद, त्यावर राजा, खाली मजकूर, मजकुरावर ती टिंबं. मी वाचायला गेलो. एक शब्द कळेना.

“हे इंग्रजी नाहीये,” मी म्हणालो.

नरेशने कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. “आयला,” तो म्हणाला. “आमच्या जुन्या मशीनच्या पाटीवर असंच हाय. जर्मन हाय हे.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही डोळ्यांपुढे तो जाडजूड शब्दकोश होता.

तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि हेमाताईच आत आली, हातात डबा घेऊन. तिचं घर तिकडे बोईसरला, रेल्वेच्या पलीकडे. आज सुट्टी म्हणून भावाचं उरलंसुरलं बांधायला आली होती. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. वासाने मोकळं घर एकदम भरलं.

“काय रे भाषणवाल्या,” ती मला म्हणाली, “बांधाबांध करायला आलास की बसून राहायला?”

“ताई, खरं सांग,” मी म्हणालो. “हे तुला वाचता येत होतं?”

तिने सीडीचा कागद बघितला आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता खोक्याला टेकली.

“पैल्या दिवशीच कळलेलं मला. शब्दकोशात एक शब्द सापडंल तर शपथ.”

“मग सांगितलं का नाय?” नरेश म्हणाला.

“सांगितलं असतं तर तुमी खुर्ची काढून घेतली असती.”

ती हे सहज म्हणाली. डबा उघडून भाकऱ्या मोजायलाही लागली. मी दाराकडे बघितलं. दाराशी भंगारात द्यायचं सामान काढून ठेवलं होतं आणि सगळ्यांत वर ती खुर्ची होती, उलटी, चाकं वर करून.

“तुमाला काय वाटलं?” ती म्हणाली. “बाबा कामावरून यायचे म्हणून बसायचे. तुमी पोरं म्हणून बसायचात. आई बसली तर विळीवर बसायची. मला कोण बस म्हणालं होतं? इंग्रजीने म्हटलं. ते जर्मन निघालं, ही माझी चूक हाय का?”

“आता तरी बसायला मिळतं का?” मी विचारलं.

“लाइनवर? खुळा की काय तू. बाटल्या समोरून जातात, आमी उभ्या. बसायची पद्धतच नाय.”

गेल्या महिला दिनाला मी साहेबांना लिहून दिलेलं वाक्य मला आठवलं: स्त्री ही समाजाचा कणा आहे. ते वाक्य मंचावरून म्हटलं गेलं तेव्हा मंचावर मान्यवरांच्या दोन रांगा खुर्च्या होत्या, आणि मंडपात खुर्च्या कमी पडल्या म्हणून बाया मागे कनातीला धरून उभ्या होत्या. टाळ्या त्यांनीच जास्त वाजवल्या. माझा राग त्या खेळावरून उठला आणि त्याला जाऊन बसायला कुठे जागा मिळेना. वर्षानुवर्षं मी म्हणत आलो, माझा धीर वयाने गेला, कामाने गेला. धीर कसला! आम्हाला कुणी गोष्ट सांगत होतं, आणि ती सांगणारी आता बाटल्यांसमोर उभी होती.

मी दाराशी गेलो, खुर्ची सरळ केली आणि आत आणली. ती अजूनही एका बाजूला कलत होती.

“हे काय?” ताई म्हणाली.

“बस.”

“भाकऱ्या वाढू दे.”

“नरेश वाढेल.”

नरेशने खरंच डबा तिच्या हातून घेतला. ती बसली. सवयीने थोडी पुढे वाकून, कलत्या बाजूला पाय रोवून. पडद्यावर राजा हात वर करून थांबला होता. शेवटचंच भाषण होतं ते.

“हा अजून उभाच?” ती म्हणाली.

“उभाच.”

“आवाज बंद करा आधी.”

नरेशने आवाज बंद केला आणि खेळ पुढे सोडला. राजाचं तोंड हलायला लागलं.

“सांग ना, ताय,” नरेश म्हणाला.

“मी नाय सांगायची. सगळ्या गोष्टी मीच सांगायच्या काय? तुमीच सांगा. हा भाषणवाला सांगेल.”

मी राजाच्या तोंडाकडे बघितलं आणि सुरुवात केली, “आजच्या या प्रसंगी जमलेल्या माझ्या तमाम प्रजाजनांनो...”

“हे तुझ्या हापिसातलं. खेळातलं सांग.”

मला येईना. ओठांवर एकामागून एक वाक्यं आली, सगळी साहेबांची. मला स्वतःचाच राग आला. राजा मुक्याने बोलत होता, भालदार ताटकळले होते, लांब दरवाज्यात एक राखी ठिपका दिसत होता.

मग नरेश बोलला. हातात भाकरी, नजर पडद्यावर. आणि तो कुजबुजत बोलला. खोलीत झोपलेलं कुणी नव्हतं. काका जाऊन तीन पावसाळे झाले होते आणि फुलाफुलांचा पडदा सकाळीच बांधून झाला होता. तरी तो कुजबुजला.

“तो म्हणतो, माझे पाय दुखतात.”

“मग?” ताईने तितक्याच हळू विचारलं.

“म्हणतो, लोकं बघतात म्हणून बसायची लाज वाटते.”

“त्याला म्हणावं, लोकं बघत नायत. लोकांचे पाय दुखतायत.”

“सांगितलं.”

“मग बसतो का?”

नरेश काही बोलायच्या आत दारात हातगाडी आली. भंगारवाला आत डोकावला. गंजलेली शेगडी, फुटकी बादली, पत्र्याचे डबे त्याने नजरेने तोलले, आणि मग त्याला जी वस्तू सांगितली होती ती दिसेना. मान आत घालून त्याने बघितलं.

“वो कुर्सी देने का बोला था ना, भाई?”

आम्ही दोघांनी ताईकडे बघितलं. तिने मान वळवली नाही. राजाकडे बघत, या वेळी मात्र मोठ्या आवाजात, ती म्हणाली:

“बाहर रुकने का. अभी मैं बैठी है.”